तपासणीच्या वहीतलं ‘ठीक’

छापखान्यात त्याला सगळे ‘साडेसात’ म्हणत. तोंडावर नाही; तोंडावर तो ‘तपासनीस साहेब’ होता. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली आणि तिसरं अर्धं, म्हणजे दहातून अडीच वजा. हे गणित बांधणी खात्यातल्या कुणा वात्रटाने मांडलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो तपासनीस झाला, रोज सकाळी यंत्रांभोवती फिरून दिसेल त्याची चूक टिपून ठेवायला लागला, तेव्हा लोक म्हणाले, “साडेसात कसला, ही तर साडेसाती!”

त्याच्या कानावर हे आलं होतं. त्याला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. साडेसाती तर साडेसाती. त्याला ती एकाच माणसाच्या राशीला बसवायची होती.

तो माणूस म्हणजे कागद कापायच्या यंत्रावरचा कारागीर. सगळे त्याला ‘सरळ्या’ म्हणत, कारण त्याने कापलेला गठ्ठा उभा धरून बघितला तर कडेला केसाचाही फरक सापडायचा नाही. दहा वर्षांपूर्वी सरळ्या आणि साडेसात एका डब्यात जेवायचे. हा कापायचा, तो बांधायचा. साडेसातच्या हाताला तेव्हा मोठं नाव होतं. पुस्तकाच्या पाठीला हातोडीने गोलाई आणावी ती त्यानेच, कोपऱ्यावरचं चामडं पातळ करावं ते त्यानेच. सरळ्याच्या लग्नाच्या फोटोंचा अल्बम त्याने आठवडाभर खपून बांधला होता.

मग तो दिवस आला. साडेसात यंत्रासमोर वाकून जाड वह्यांचा गठ्ठा थापटून सारखा करत होता. दारात कुणीतरी काहीतरी विनोद केला. सरळ्या मान वळवून हसला आणि मान तशीच वळलेली असताना त्याने दांडा ओढला. पातं इतकं धारदार, की आधी दुखलंच नाही. कागद लाल कसा झाला, एवढंच साडेसातला कळेना.

पहिले काही दिवस सरळ्या रोज दवाखान्यात आला. पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. साडेसातच त्याची समजूत घालायचा, “अरे, मुद्दाम का केलंस तू?” मग चौकशी लागली. एका टेबलामागे तीन साहेब बसले आणि समोर उभा राहून सरळ्या म्हणाला, “मी ओरडलो होतो, हात काढ म्हणून. दोनदा ओरडलो. त्याने ऐकलं नाही.”

कागदोपत्री चूक साडेसातची ठरली. सरळ्या पुन्हा दवाखान्यात फिरकला नाही. मालकांना दया आली म्हणून साडेसातला तपासणीचं काम मिळालं.

“बोटांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं,” तो आपल्या बहिणीला सांगायचा. “पण ते ‘दोनदा’! नुसतं ओरडलो म्हणाला असता, तर समजलो असतो की घाबरून तोंडातून निघालं. पण ‘दोनदा’ हा शब्द त्याने घरून तयार करून आणला होता.”

बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका म्हणून राबून निवृत्त झालेली, आता दोघं एकत्र राहत. ताईला स्टोइक म्हणवणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन विचारवंतांचं वेड होतं. सकाळी चहा गाळण्याआधी ती पाच मिनिटं डोळे मिटून खुर्चीत बसायची आणि आपण काल कुठे चुकलो, आज कुठे चुकू शकतो, हे मनाशी बघायची. भावाला हे थेर वाटायचं.

“कुणीही सकाळी उठून ठरवत नाही, की आज मी वाईट वागणार,” ती म्हणायची. “त्या क्षणी त्याला तेच बरोबर वाटतं. आंधळा माणूस आपल्यावर धडकला तर आपण त्याच्यावर चिडतो का? मनाने न दिसणाराही तसाच. त्याने काय केलं, ते आपल्या हातात नसतं. आपण त्याचं काय करायचं, एवढंच आपल्या हातात.”

“माझ्या हातात आहेच किती? साडेसात बोटं.”

ताई यावर एकदाच बोलली. “मी एका पेशंटला भलतंच इंजेक्शन दिलं होतं. दोन खाटांवरच्या बायकांची नावं सारखी होती. बाई वाचली. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला खरं सांगितलं, तर म्हणाली, ‘तुला किती भीती वाटली असेल गं.’ तिच्या जिवावर बेतलं होतं आणि तिने माझी भीती विचारली. त्या दिवसापासून मी माणसांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.”

“तू खरं सांगितलंस, ताई. तो खोटं बोलला. तुझी आणि त्याची एकच गोष्ट कशी?”

ताईने चहाचे कप उचलले आणि विसळायला घेतले.

तपासनिसाच्या वहीत सरळ्याचं एक पान होतं. एक कसलं, बारा-पंधरा पानं. ‘तीन मिनिटं उशिरा.’ ‘यंत्रावर चहाचा कप.’ ‘कापणीचा चुरा हाताने झाडला, ब्रश वापरला नाही.’ साडेसात हे सगळं डाव्या हाताने, सावकाश, वळणदार अक्षरात लिहायचा आणि दर महिन्याला मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा. सरळ्याची बढती दोनदा हुकली. सरळ्याने कधी तक्रार केली नाही. समोर उभा राहून मान खाली घालायचा, “बरं साहेब,” म्हणायचा आणि कामाला लागायचा. त्याने एकदा जरी वाद घातला असता तरी साडेसातला थंडावा मिळाला असता. त्या खाली घातलेल्या मानेने तर तो जास्तच पेटायचा.

आता छापखान्यात नवं कापणी यंत्र आलं होतं. त्याला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. शिवाय समोर प्रकाशाचा एक अदृश्य पडदा होता. त्याला सगळे ‘डोळा’ म्हणत. पात्याखाली कुणाचा हात गेला, की डोळ्याला दिसायचं आणि पातं जागच्या जागी थांबायचं. रोज सकाळी कामगार यायच्या आधी साडेसात एक लाकडी पट्टी आत धरून डोळा तपासायचा, वहीत ‘ठीक’ लिहायचा आणि सही करायचा.

त्या सकाळीही त्याने पट्टी यंत्राच्या कडेच्या चिमट्यात अडकवून आत सरकवली आणि दोन्ही हातांनी बटणं दाबली. पातं थांबलं नाही. खाडकन खाली आलं आणि पट्टीचा तुकडा उडून त्याच्या बुटावर पडला.

त्याने दुसरी पट्टी घेतली. तीही कापली गेली. डोळा मेला होता. कागदाची धूळ बसली असेल, आत तार सुटली असेल, कुणाचाच दोष नव्हता. नियम सोपा होता. यंत्राला लाल पाटी लटकवायची, मेकॅनिकला बोलवायचं, दुपारपर्यंत काम बंद.

पाटी भिंतीवरच्या खिळ्याला होती. चार पावलांवर. साडेसात तिच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, या यंत्रावर दिवसभर हात कुणाचा असतो? एक बटण कोपराने दाबून तोच हात चुरा झाडायला आत घालायची खोड कुणाला आहे? त्याने स्वतःच तर ती वहीत कितीदा लिहिली होती.

त्याने काही करायचं नव्हतं. हात लावायचा नव्हता, ढकलायचं नव्हतं. फक्त चार पावलं चालायची नव्हती.

त्याने वही उघडली. त्या दिवसाच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं आणि खाली सही केली. पट्ट्यांचे तुकडे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि वर रद्दी पसरली.

तपासनिसाची केबिन काचेची होती. मधल्या कागदाच्या थप्प्यांमुळे तिथून कापणी यंत्र दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. दाब बसल्याचा फुस्स आवाज, मग खाड्. पुन्हा फुस्स, खाड्. दर वेळी साडेसात हातातलं पेन थांबवून कान टवकारायचा. इतकं जिवंत त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चहा आला, तो त्याने चवीने घेतला. डोळ्यांसमोर दवाखान्याची खोली आली. सरळ्या पांढऱ्या चादरीत, उजव्या हाताला जाड बँडेज बांधलेलं. आपण त्याच्या पायाशी जाऊन बसायचं. रडायचं नाही. हळूच त्याच्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, “हात काढ म्हणून ओरडायला हवं होतं ना मी? दोनदा?” हे वाक्य त्याने मनातल्या मनात इतक्या वेळा घोळवलं, की त्याची चव जिभेवर आली.

अकराच्या सुमाराला खाड् आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. बाईची किंकाळी.

साडेसात धावत बाहेर आला. यंत्रापाशी घडीवाली उभी होती. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला महिन्याभरापूर्वीच लागलेली, बडबडी, तिशीची बाई. कापलेला गठ्ठा न्यायला आली होती. नव्या गठ्ठ्यातला एक कागद तिरपा दिसला म्हणून तिने बाजूने हात घालून तो सरळ केला, आणि सरळ्या त्याच वेळी मागे वळून कुणाला तरी पुढच्या कामाचं माप विचारत होता. वळलेल्या मानेनेच त्याने दोन्ही बटणं दाबली. तिने हात मागे घेतला होता. पण बाहीची कड पात्याखाली सापडली आणि साफ कापली गेली. कापडाची ती पट्टी गठ्ठ्यावर पडली होती. घडीवाली आपली बोटं एकेक करून दाबून बघत होती, पाचही आहेत की नाहीत याची तिला खात्रीच पटत नव्हती.

साडेसातने या बाईचा विचारच केला नव्हता. सकाळपासून त्याला एकच हात दिसत होता.

मॅनेजर आला. यंत्राच्या डोळ्यासमोर पट्टी धरून बघितली, पातं थांबलं नाही. तो सरळ्याकडे वळला. “डोळा तूच बंद केलास ना? काम लवकर उरकायला? तुम्हा जुन्या लोकांना त्याचा जाच होतो, माहीत आहे मला.”

“नाही साहेब. मी हात नाही लावला त्याला.”

“तपासनीस, सकाळी बघितलं होतंत?”

“बघितलं होतं,” साडेसात म्हणाला. “ठीक होतं.” एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मॅनेजर अजून त्याच्याचकडे बघत होता, घडीवाली बघत होती, सगळं खातं बघत होतं. “दोनदा तपासलं,” तो म्हणाला.

सरळ्याने मान वर केली. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने साडेसातच्या डोळ्यांत थेट बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ओळख होती.

अर्ध्या तासात सरळ्याला घरी धाडलं. चौकशी होईपर्यंत निलंबित. पण सगळ्यांना ठाऊक होतं, की आता तो परत येत नाही. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्याने एप्रन काढला, घडी घातली, यंत्रावर ठेवला आणि दारातून निघून गेला. साडेसात केबिनमध्ये बसला होता. त्याला हवं होतं ते मिळालं होतं; थोडं वेगळ्या वाटेने, पण मिळालं होतं. बराच वेळ तो आनंद व्हायची वाट बघत बसला.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तो समोर बसला.

“सरळ्याला काढला आज.”

ताईने मान वर न करता विचारलं, “मग तुझा चेहरा असा का?”

त्याने सांगायला सुरुवात केली. आधी आडून आडून, मग सगळंच. पट्टी, पाटी, ‘ठीक’, बाही. ताईचे हात थांबले. ती संतापेल असं त्याला वाटलं. संतापली असती तर त्याला भांडता आलं असतं.

“‘दोनदा’ का म्हणालास?” तिने विचारलं.

“माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.”

“घरून तयार करून नव्हता आणलास?”

ताईने मटारांचं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि तो उरलेल्या बोटांनी एकेक शेंग फोडत बसला. तो शब्द कसा आला, हे त्याला आता आतून माहीत होतं. कुणाला बुडवायला नव्हता आला. सगळे बघत होते, पायाखालची जमीन सरकत होती, आणि पहिलं खोटं पोकळ वाजू नये म्हणून त्याच्या पाठीला हा एक टेकू लागला होता. एवढंच. दहा वर्षं त्याने त्या एका शब्दात सैतान बघितला होता. तिथे तर एक भेदरलेला माणूस उभा होता.

हे कळलं म्हणून त्याला सरळ्याचा पुळका आला असं मात्र नाही. उलट तो चिडला. इतकी वर्षं जपलेला राग कुणी असा हातातून काढून घेतला तर माणूस चिडणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी तो सरळ्याच्या घरी गेला. दार त्याच्या बायकोने उघडलं.

“दहा वर्षांनी आलात, भावोजी.”

“आहे का तो?”

“बसलेत आत. कालपासून घोटभर पाणीसुद्धा नाही घेतलं. या.”

सरळ्या खिडकीपाशी बसला होता. साडेसात बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, “डोळा काल सकाळीच बंद होता. मी बघितलं होतं. तरी ‘ठीक’ लिहिलं. तुझा हात जावा म्हणून.”

वहिनीच्या तोंडून “अगं बाई” निघालं. सरळ्या सावकाश उठला.

“माझा हात जावा म्हणून,” तो म्हणाला. “आणि तिचा गेला असता तर? तिचं काय वाकडं केलं होतंस? नाही, तिने तुझं काय वाकडं केलं होतं?” त्याचा आवाज चढला, शब्द अडखळले. “माझ्यावर राग होता ना? मग यायचं होतंस समोर. एक थोबाडीत मारायची होतीस. मी वाट बघत होतो रे! दहा वर्षं वाट बघत होतो! आणि तू वही लिहीत बसलास?”

“तुझं बरोबर आहे.”

“चालता हो. आत्ताच्या आत्ता चालता हो.”

साडेसात जिन्यावर आला तेव्हा वहिनी मागोमाग आली. दार ओढून घेत हलक्या आवाजात म्हणाली, “त्या वेळी चौकशीवरून आले आणि त्याच दिवशी त्यांनी मला खरं सांगितलं होतं. मी म्हटलं, जाऊन कबूल करा. तीनदा निघाले तुमच्याकडे. एकदा तर दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आले. पाय उचलला नाही म्हणाले.”

“मला का सांगताय वहिनी?”

“ते सांगायचे नाहीत, म्हणून.”

छापखान्यात जाऊन त्याने मॅनेजरला सगळं सांगितलं. मॅनेजरचा आधी विश्वास बसेना. मग साडेसातने कचऱ्याच्या डब्यातून उकरून काढलेले पट्ट्यांचे तुकडे बघितल्यावर बसला. पुन्हा एक टेबल लागलं, पुन्हा तीन साहेब बसले. “कारण काय?” एकाने विचारलं. “राग,” साडेसात म्हणाला. साहेबाने लिहिण्यासाठी उचललेलं पेन तसंच धरून ठेवलं. याहून मोठं काहीतरी कारण असेल असं त्याला वाटलं असावं.

सरळ्याला परत बोलावलं. न बघता बटण दाबल्याबद्दल ताकीद मिळाली, तीही रास्तच होती. साडेसातची नोकरी गेली. निघण्याआधी तो घडीवालीकडे गेला. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माफी मागताय ते बरं केलंत. पण माझ्या मनातून तुम्ही उतरलात ते उतरलात. रात्री दचकून उठते मी, हात चाचपते.” आणि ती पुन्हा घड्या घालायला लागली. तिच्यावर त्याला राग आला नाही. तो यायचं काही कारणच नव्हतं.

राग आला तो फाटकापाशी. सामानाची पिशवी घेऊन तो बाहेर पडत होता आणि सरळ्या आत येत होता. दोघांमध्ये हातभर अंतर. साडेसात थांबला. आता तरी हा बोलेल. मी नोकरी घालवली, सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं, आता तरी एक शब्द. ‘मीही ओरडलो नव्हतो.’ एवढे तीन शब्द.

सरळ्याने नजर चुकवली आणि तो बाजूने आत गेला.

साडेसातच्या डोक्यात तिडीक गेली. मागे वळून मानगूट धरावी, यंत्रापर्यंत फरफटत न्यावं, सगळ्या खात्यासमोर त्याच्याकडून वदवून घ्यावं. वहिनीने सांगितलेलं त्याच्याजवळ होतं. एक हाक मारली असती तर सगळं खातं गोळा झालं असतं.

तो तिथेच उभा राहिला. सरळ्याची पाठ आत जाताना दिसत होती, जरा वाकलेली, घाईघाईने चाललेली. हा कशाला भीत असेल? साडेसातने स्वतःला विचारलं, आणि उत्तर शोधावं लागलं नाही. काल-परवाच तो स्वतः त्या जागी उभा होता. त्याचं खोटं एका रात्रीचं होतं, तरी ते सांगताना त्याला खाली बसताही आलं नव्हतं. सरळ्याचं दहा वर्षांचं होतं. त्याच्यावर त्याने संसार चालवला होता, रोज मान खाली घालून त्याची किंमत भरली होती. ते उचकटून काढणं सोपं नव्हतं. आणि ते काढायचं की नाही, हे साडेसातच्या हातात तर नव्हतंच.

राग गेला नाही. तो बसथांब्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत आला, बसमध्ये शेजारी बसला. फक्त साडेसातने त्याला बोलू दिलं नाही. उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात ताईने सांगितलेले टोमॅटो त्याने निवडून घेतले, पिशवी डाव्या हातात धरली आणि तो घराच्या रस्त्याला लागला.